पंचांवरची साडेतीन पानं

तीर्थरूप बाबा,
नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

तुमचं चार पानी पत्र मेलबर्नला पोचलं. साडेतीन पानं पंचांवर, उरलेल्या अर्ध्यात आईचा गुडघा. आता कसा आहे तो?

आपला संघ भक्कम, कसोटी मालिका पंचांनी घालवली, असं नारायण पेठेतल्या तुमच्या कट्ट्यावर ठरलंय म्हणे. इथल्या निर्णायक कसोटीला मी प्रेक्षकांत होते, बाबा. आपण दोन्ही डावांत दीडशेच्या आत आटोपलो. फलंदाजीही पंचांनीच करायची होती का?

एक पायचीत चुकलं, मान्य. चेंडू आधी बॅटला लागला होता आणि आपले रिव्ह्यू संपले होते.

मी सतरा वर्षांची असताना निवड सामन्यात तुम्हीच पंच होतात. मलाही असंच पायचीत दिलंत. पंचांशी हुज्जत घालायची नाही ही तुमचीच शिकवण, म्हणून निमूट परतले. संघात माझं नाव आलं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही आईला म्हणालात, "बॅटचा आवाज आला होता गं, पण पोरीला नाबाद दिलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

मी दाराआड होते.

इथल्या पंचाला निदान ऐकू तरी आलं नव्हतं.

तुमची,
ऋजुता