पंपाच्या दोन वर्षांचा मामांना लेखी अहवाल

तीर्थरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार (कागदावरच मानून घ्या, खरोखर पालथी पडले तर कमरेचा पंप पोटात रुततो, आणि हे पत्र त्या पंपाबद्दलच आहे). आपली प्रकृती ठणठणीत आहे असं धरून चालते, कारण विचारलं तरी आपण तेवढंच सांगणार. मामींचा गुडघा कसा आहे ते मात्र मामींनाच लिहायला सांगा. मागच्या वेळी आपण त्यांच्या वतीने "बरा आहे" लिहिलंत आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा आईला फोन आला की जिना उतरवत नाही. इकडे आम्ही दोघं मजेत. नवऱ्याच्या सुतारकामाला ऊत आलाय, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला शिकाऊ मंडळींची कमी नाही, आणि गाडीचा मागचा बंपर या वर्षात फक्त दोनदा बदलावा लागला.

आता मुद्द्याचं. मी पंप घेतला तेव्हा आपण फोनवर म्हणाला होतात की माणसाने आपलं इन्सुलिन आपल्या हातानं टोचावं, यंत्राच्या हवाली होऊ नये. आणि दोन वर्षांनी काय दिवे लावलेस ते लेखी कळव, तिखटमीठ न लावता. आपला अधिकारच आहे तो. अकराव्या वर्षी मी हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा घरात सगळे डोळे पुसत होते आणि आपण एकटेच सिरिंज आणि उशी घेऊन माझ्यासमोर बसलात. त्या दुपारी आपण दोघांनी मिळून उशीला पाण्याची चाळीस इंजेक्शनं दिली (उशी वाळायला तीन दिवस लागले, आईने आपल्याला आठवडाभर चहा विचारला नाही). तुम्हालाही तोच आजार, त्याच वयापासून, म्हणून तुमचं मी ऐकलं. तेव्हा गुरूला न विचारता मी पंथ बदलला तो सुखासुखी नाही, हे आधी ऐकून घ्या.

झालं असं, की माझी रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (ती टक्क्यांत मोजतात) तेव्हा साडेनऊच्या वर होती. सात असावी असं डॉक्टरीणबाई म्हणत, आणि मी दर वेळी "पुढच्या वेळी नक्की" म्हणत असे. दिवसात चार इंजेक्शनं घेऊनसुद्धा साखर कधी तीनशेच्या माडीवर, तर कधी पन्नासच्या तळघरात. मला एक निवृत्त ग्रंथपालबाई शिकायला होत्या, वय त्रेसष्ट, अतिशय आज्ञाधारक. एका सकाळी गोल चौकात मी त्यांना सांगितलं, तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा. मग सांगितलं, थांबा, पुढच्या. मग म्हणे पुन्हा तिसऱ्या. माझी साखर उतरत चालली होती आणि मला ते कळत नव्हतं. बाईंनी बिचाऱ्यांनी चौकाला पाच फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीला इंडिकेटर देऊन. सहाव्या फेरीला त्यांनी माझ्या परवानगीशिवाय गाडी बाहेर काढली, फुटपाथाला अगदी समांतर उभी केली (त्यांचं पहिलं बिनचूक पार्किंग), दाराच्या खणातली ज्यूसची बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आधी हे प्या. रागवायचं असेल तर मग रागवा."

मी रागावले नाही. ज्यूस संपवला आणि साखर वर यायची पंधरा मिनिटं वाट पाहिली. माझ्या बाजूला जो जादा ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवायचा भरवसा ज्या बाईचा नाही, तिने दुसऱ्यांना काय शिकवायचं? सहा महिन्यांनी माझ्या परवान्यासाठी डॉक्टरी दाखला लागणार होता. डॉक्टरीणबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हे असंच चाललं तर दाखल्यावर सही करणार नाही, असं शांतपणे सांगितलं. पंपाची गोष्ट त्याच दिवशी निघाली.

पंप म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढी डबी. तिच्यातून एक बारीक नळी निघते आणि नळीच्या टोकाची सुई पोटाच्या कातडीखाली जाते. ती सुई दर तीन दिवसांनी मीच बदलते. दिवसभर थेंब थेंब इन्सुलिन आपोआप जातं, आणि जेवणाआधी, ताटात भात किती, बटाटा किती, हे मोजून वेगळं बटण दाबावं लागतं. तुम्हाला वाटतं तसं यंत्र सगळं स्वतः करत नाही; माझ्या पंपाला तर माझी साखरही कळत नाही, बोट मलाच टोचावं लागतं. थोडक्यात, अतिशय प्रामाणिक पण स्वतःची अक्कल नसलेला कारकून. पहिल्या आठवड्यात त्याची नळी स्वयंपाकघरातल्या खणांच्या मुठीत तीनदा अडकली. तिसऱ्या वेळी मी पुढे गेले, खण मागे राहिला आणि सुई खणापाशीच राहिली. नवऱ्याने तो रविवार जमिनीवर बसून काढला आणि अकराच्या अकरा खणांच्या मुठी उतरवून खाली बोट घालायला खाचा पाडल्या. (त्या मुठी त्यानेच लग्नानंतर हौसेने घडवल्या होत्या. मी मात्र त्याला फक्त भुसा झाडायला सांगितलं.)

दुसऱ्या महिन्यात नळी मुडपली आणि इन्सुलिन आत जाईना. मला पत्ता नाही. सकाळपासून मी ज्याला त्याला झापत होते: सिग्नलच्या दिव्याला, एका बँकेच्या मॅनेजरला (तो शिकाऊ होता आणि त्याचं काही चुकलं नव्हतं), आणि नवऱ्याला, का ते मलाच माहीत नव्हतं. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "तुझं सगळं पटलं. आता बोट टोच." चारशे दहा. पेनने इंजेक्शन घेतलं, सुई बदलली, आणि मॅनेजरला फोन करून माफी मागितली. तेव्हापासून एक इन्सुलिनचं पेन पर्समध्ये कायम असतं. शेवटी हातानंच टोचलं, म्हणून आपण इथे हसून घ्या, मी थांबते.

आणि मग ग्रंथपालबाईंची परीक्षा. परीक्षक पुढे, मी मागच्या सीटवर, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. बाई गाडी मागे घेत होत्या आणि माझ्या पंपातलं इन्सुलिन नेमकं तेव्हाच संपत आलं. पंप ओरडला. बाईंनी गाडी जागच्या जागी थांबवली, कारण गाडी मागे घेताना काही वाजलं तर थांबायचं हे मीच शिकवलं होतं. मागे काहीच नव्हतं. पुन्हा गाडी हलली, पुन्हा पंप ओरडला, पुन्हा ब्रेक. परीक्षकाने खाली वाकून पाहिलं, मागे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "साहेब, गाडीत दोष नाही. ते आमच्या बाईंचं आहे." मी पंप दाखवून खुलासा केला. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं माहीत नाही, पण बाई पास झाल्या आणि आता रोज तो गोल चौक ओलांडून बहिणीकडे जातात, एकाच फेरीत.

आता आकडे, ज्यांच्यासाठी आपण चष्मा लावून बसला असाल. साडेनऊवरून तीन महिन्यांत आठ पूर्णांक एक. सहा महिन्यांत सात पूर्णांक दोन, आणि दाखल्यावर सही. मी एवढी फुशारले की बटण दाबायला विसरू लागले. आधी जेवायचं, आठवलं की दाबायचं. आकडा चढून सात पूर्णांक नऊ झाला. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, यंत्रात काही बिघाड असेल. त्यांनी पंप कॉम्प्युटरला जोडला. मामा, या डबीला सगळं आठवतं. महिन्याभरात सव्वीस जेवणांचं बटण उशिरा आणि नऊ जेवणांचं मुळीच नाही, तारीखवार. "बिघाड सापडला," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. वहीत मनाला येईल तो आकडा लिहायची सोय इथे नाही. तेव्हापासून गेलं वर्षभर सात पूर्णांक तीन, दोन, तीन, दोन. चमत्कार काही नाही. पंपाने मदत केली, मोजायचं मलाच होतं. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट सांगू? या वर्षात साखर तळघरात गेली ती फक्त चार वेळा, आणि चारही वेळा मला आधी कळलं. आता शेजारी शिकाऊ माणूस घाबरलेला असतो. मी नसते.

असा हा अहवाल. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपायला सांगा. कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

आपली आज्ञेबाहेर गेलेली,
भाची

ता. क. १: "तिखटमीठ न लावता" ही अट पाळता आली नाही. चौकाला फेऱ्या पाच नव्हे, तीन झाल्या. बाकी सगळं खरं आहे.

ता. क. २: आता पत्र खरं कशासाठी लिहिलं ते. तुमच्या डाव्या डोळ्यासमोर दीड महिन्यापासून काळे ठिपके तरंगतात, आणि पेपर मामी वाचून दाखवतात, हे मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका. मामींवर रागावू नका. डॉक्टरीणबाईंशी मी बोलले. त्या म्हणतात, हे इतक्या वर्षांच्या साखरेमुळे असू शकतं; पंप घ्यायचा की नाही ही गोष्ट नंतर. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि मग साखर खाली आणायची ती एकदम नाही, हळूहळू, डोळे तपासत. अजून उशीर झालेला नाही असं त्यांना वाटतं, पण आणखी थांबू नये. दोन्ही डॉक्टरांची गुरुवारची वेळ मी घेतली आहे.

ता. क. ३: डोळ्यांत थेंब घालणार आहेत, त्यामुळे नंतर काही तास तुम्हाला गाडी चालवता येणार नाही. मी गुरुवारी सकाळी नऊला दारात येते. तुम्ही नुसते शेजारी बसा. ब्रेक तुमच्याही बाजूला आहे.