चित्रं दाखवायची का?

३ फेब्रुवारी, मंगळवार

फलकावर यादी लागली. ‘प्रेरणापत्र – वाचन अहवाल.’ ग्रंथालयातले आम्ही एकतीस जण, प्रत्येकापुढे टक्के. सगळ्यात तळाला मी. एकसष्ट पत्रांपैकी वाचलेली – शून्य.

शून्य! नवे संचालक रुजू झाल्यापासून रोज सकाळी सात वाजता सगळ्यांना ई-मेलने उपदेश पाठवतात, आणि तो अथपासून इतिपर्यंत वाचणारी या इमारतीत मी एकटी असेन. आवडीने नाही, खोडीने. सव्वीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करतेय, चूक दिसली की हात शिवशिवतो. त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका मी वहीत उतरवून ठेवते. कालपर्यंत दोनशे चौदा. सतराव्या पत्रात ‘ध्येयाचा ध्यास’ लिहायचं होतं, ‘ध्येयाचा त्रास’ झालंय. एवढंच एक वाक्य त्यांनी आजवर खरं लिहिलं.

आणि देवघेवीच्या खिडकीवरची बाई ब्याण्णव टक्के! तिने पुस्तकाच्या पाठीपलीकडे आयुष्यात काही वाचलेलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी बोलावलं. मी म्हटलं, कुठलंही पत्र विचारा, तोंडपाठ म्हणून दाखवते. बाविसावं म्हणायला सुरुवातही केली. ते ऐकत नव्हते, पडद्याकडे बघत होते. शेजारी संगणकवाला हाताची घडी घालून उभा. बाई, सिस्टीम खोटं बोलत नाही, असं म्हणाले. म्हणजे मी बोलते.

घरी येऊन लेकीला फोन केला. ती आधी पोट धरून हसली, मग सांगितलं. गेल्या वर्षी ती इथे आली होती तेव्हा तिनेच माझ्या फोनमध्ये करून ठेवलंय. मेलच्या अॅपमध्ये वर तीन रेघा, त्यात सेटिंग, त्यात आपलं खातं, त्यात ‘चित्रं’. तिथे दोनच पर्याय – नेहमी दाखवा, नाहीतर आधी विचारा. माझं ‘आधी विचारा’वर आहे. म्हणून मला पत्राच्या वर एक रिकामा चौकोन दिसतो, खाली एक रिकामा चौकोन, आणि मध्ये उपदेश. मला वाटायचं, साहेबांना चौकोनांची आवड आहे.

तर गंमत अशी की या पत्रांत टाचणीच्या टोकाएवढं एक चित्र दडवलेलं असतं. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ते आपल्या फोनवर उतरलं की पाठवणाऱ्याकडे नोंद होते – उघडलं. चित्र उतरलंच नाही, तर आपण पत्र डोक्यावर घेऊन नाचलो तरी नोंद नाही.

म्हणजे अहवाल वाचणाऱ्यांचा नाहीच. ठिपका उतरवणाऱ्यांचा आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

केलं ‘नेहमी दाखवा’. चौकोन भरले. सूर्योदय. धान्याचा दाणा ओढणारी मुंगी. कड्याला लटकलेला कोणीतरी. आणि प्रत्येक पत्राच्या तळाला स्वतः साहेब, सूट घालून, दूरवर बघत.

मुंगी बरी होती.

९ फेब्रुवारी, सोमवार

बसथांब्यावर उभ्या उभ्या सगळी पत्रं भराभर उघडली आणि मिटली. एकही अक्षर वाचलं नाही. संध्याकाळपर्यंत शंभर टक्के! एका दिवसात तळातून वरच्या पाचांत. खिडकीवरच्या बाईने सहानुभूतीने विचारलं, तुम्हीही बाथरूममध्ये उघडता का?

पहिल्या नंबरावर मात्र कायम एकच – आमचा बाइंडर. प्रत्येक पत्र त्याच दिवशी सात वाजून पाच मिनिटांनी, आणि तीन-तीनदा उघडलेलं. हा गृहस्थ पाच महिने आजारपणाच्या रजेवर आहे. अर्जात लिहिलंय, कंबर. तळघरात चारशे पुस्तकं पाठी सुटून पडलीत, आणि हे घरी गादीवर लोळत साहेबांना लोणी लावतायत. पूर्वी माणूस असा नव्हता. माझ्यासारखाच तिरकस होता. दोन वर्षांवर निवृत्ती आली की भल्याभल्यांचा कणा वाकतो, मग कंबर दुखणारच.

११ फेब्रुवारी, बुधवार

जीभ आवरली नाही.

मासिक बैठकीत साहेबांनी मला उभं केलं आणि ‘परिवर्तनाचं उदाहरण’ म्हणून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. ते सहन झालं नाही. मी तिथेच फोन काढला. कालचं आणि आजचं पत्र अजून उघडायचं राहिलंच होतं. ‘आधी विचारा’ लावलं, आजचं पत्र मोठ्याने वाचलं, संगणकवाल्याला नोंद बघायला सांगितली. नोंद नाही. मग ‘नेहमी दाखवा’ लावलं, कालचं पत्र उघडून फोन उताणा टेबलावर ठेवला आणि छताकडे बघत उभी राहिले. संगणकवाला पुटपुटला, वाचलं असं दाखवतंय.

मला वाटलं, साहेब ओशाळतील. कसचं काय! त्यांचे डोळे चमकले. म्हणजे आपल्यात खोटे वाचक आहेत तर, म्हणाले. आता तोंडी परीक्षा. दहा प्रश्न, परीक्षक मी. सुरुवात पहिल्या नंबरापासून, म्हणजे आदर्श समोर येईल. बाइंडर रजेवर, तेव्हा मी त्याच्या घरी जायचं. नापास निघाला तर रजेचीही चौकशी.

बैठकीनंतर एकही जण माझ्याशी बोलला नाही. खिडकीवरची बाई तर पाठ करून बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण खोटं कशाला बोलू – बाइंडरच्या घरी जायच्या विचाराने मला गुदगुल्या होत होत्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्न काढले. एकेक असा की नुसता ठिपका उतरवणारा आडवा व्हावा. तिसरा – ‘चाळिसाव्या पत्रात साहेबांनी अपयशाला कोणाची उपमा दिली आहे?’ (जावयाची. का ते कळत नाही.)

१६ फेब्रुवारी, सोमवार

कर्मचारी वसाहत, तिसरा मजला. वहिनींनी दार वीतभर उघडलं. ते झोपलेत, म्हणाल्या. मी म्हटलं, थांबते. त्या म्हणाल्या, वेळ लागेल. मी म्हटलं, मला घाई नाही. परीक्षा घ्यायचं साहेबांचं लेखी पत्रही दाखवलं.  ते वाचून त्या बाजूला झाल्या.

आतल्या खोलीत खिडकीशी पलंग. बाइंडर तीन उशांना टेकून बसवलेला. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा – कोणीतरी ठेवल्यासारखा. तोंड एका बाजूला ओघळलेलं. मी नमस्कार केला. त्याचे डोळे माझ्यावर आले, ओळखलं, आणि घशातून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता.

कंबर नाही. अर्धांगवायू. पाच महिने.

वहिनी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलल्या. माणूस परत कामावर येऊ शकत नाही असं एकदा कागदावर आलं, की सहा आठवड्यांत हे घर सोडायचं. धाकटीची शेवटची परीक्षा मे महिन्यात. तिच्या अभ्यासाचं टेबल बाहेरच्या खोलीत होतं, पुस्तकांनी भरलेलं. मेपर्यंत कसंही रेटायचं असं त्यांनी ठरवलंय. ओळखीचे डॉक्टर आहेत, कंबर लिहून देतात.

मी विचारलं, मग पत्रं?

“सकाळी सातला फोन वाजतो ना, ताई, तेव्हा हे जागे असतात. यांच्या नावाने दुसरं काही येतच नाही आता. पाच महिन्यांत कोणाचा फोन नाही, कोणी आलं नाही. तेवढं एक पत्र येतं. ते मी वाचून दाखवते. आवडलं तर डाव्या हाताने खूण करतात – पुन्हा.”

आम्ही तीस जण आहोत. वसाहत बसने पंचवीस मिनिटांवर. मी तीस जणांत कुठल्या नंबरावर, ते कोणी फलकावर लावलेलं नाही.

मी विचारलं, त्या पत्रांत आवडण्यासारखं काय असतं? वहिनींनी पलंगाजवळ जाऊन फोन उघडला आणि आजचं पत्र वाचायला लागल्या, जसं लिहिलंय तसं. तिसऱ्या ओळीत ‘सहकार्य’च्या जागी ‘सहकर्ज’ होतं. तिथे त्या थांबल्या. बाइंडरचा अर्धा चेहरा हलला. खांदे हलले. तो हसत होता.

“चूक आली की हसतात,” वहिनी म्हणाल्या. “नाहीतर दिवसभर भिंतीकडे बघून असतात.”

माझ्या पिशवीत दहा प्रश्नांचा कागद होता. तो बाहेर काढला नाही. चुकांची वही काढली. तासभर वाचत बसले. ‘ध्येयाचा त्रास’ला त्याने तीन वेळा हात हलवला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल दिला. ‘परीक्षा घेतली. दहापैकी दहा. प्रकृती कंबरेमुळे नाजूक, विश्रांती आवश्यक.’ खाली माझी सही. सव्वीस वर्षांत एका पुस्तकाची नोंद चुकीच्या कप्प्यात टाकली नाही. आज धडधडीत खोटं लिहिलं, आणि र्‍हस्व-दीर्घ तपासून लिहिलं.

बाकीच्या परीक्षा? मी साहेबांना म्हटलं, आदर्शच एवढा उंच निघालाय, की इतरांना विचारणं म्हणजे त्याचा अपमान. त्यांना पटलं! या माणसाला काहीही पटतं, फक्त वाक्य त्याच्या पत्रातल्यासारखं हवं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मेले.

साहेब स्वतः जाणार आहेत. मंगळवारी सकाळी सातला. ‘पत्र पोचतं तो क्षण’ त्यांना बघायचाय. संगणकवाला कॅमेरा घेऊन, मी पुष्पगुच्छ घेऊन. मी म्हटलं, कंबर. ते म्हणाले, म्हणूनच तर. मी म्हटलं, संसर्गसुद्धा आहे. कंबरेचा? असं त्यांनी विचारलं. 

संध्याकाळी वहिनींना फोन केला. सगळं सांगितलं – माझी बैठकीतली हुशारी, परीक्षा, खोटा अहवाल, सगळं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, येऊ द्या ताई, किती दिवस दार लावून बसू.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडा मी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सातला पाच कमी. जिन्यात साहेबांनी केस सारखे केले. संगणकवाल्याला वसाहतीच्या फाटकाशीच रिक्षावाल्याचे सुटे द्यायला आणि बॅटरी आणायला मी पिटाळलं होतं. बॅटरी माझ्या पर्समध्ये होती. तेवढंच सुचलं.

दार सताड उघडं. वहिनींनी साहेबांना सरळ आतल्या खोलीत नेलं. ते हसत आत गेले, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, काढायचं कसं ते विसरल्यासारखं. मी पुष्पगुच्छ धरून भिंतीला चिकटले.

सात वाजले. उशीजवळचा फोन वाजला. बाइंडरची नजर साहेबांवरून उडून फोनवर गेली. वहिनींनी सवयीने चष्मा लावला, पत्र उघडलं आणि वाचायला लागल्या. साहेब उभे. चौथ्या ओळीत ‘कर्तव्याची जाण’च्या जागी ‘कर्तव्याची जान’ आलं, आणि बाइंडर हसला. थांबेना. साहेबांनी हळूच विचारलं, या वाक्यात हसण्यासारखं काय आहे? मी मनात म्हटलं, आता मेले. वहिनींनी चष्मा काढला आणि सांगून टाकलं.

“चूक आहे, साहेब. यांना तुमच्या चुका फार आवडतात. दिवसभर पुरतात.”

साहेब पलंगाजवळच्या स्टुलावर बसले.  मग विचारलं, बोलता येतं का काही. नाही, वहिनी म्हणाल्या. ऐकू येतं? सगळं. मुलगी कितवीला? त्यांनी तेही सांगितलं.

उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं.” मी हो म्हटलं. खाली संगणकवाला धापा टाकत येत होता. साहेबांनी त्याला परत फिरवलं – कंबर फार दुखतेय, आज नको.

“अहवाल तसाच राहू द्या,” मला म्हणाले. “मेपर्यंत कोणी विचारणार नाही.”

एवढी वर्षं चुका मोजतेय. या माणसाबद्दल माझी किती झाली, मोजलं नाही.

२ मार्च, सोमवार

फलकावरची यादी गेली. टाचण्या आहेत. सकाळी सात वाजता फोन वाजला नाही. कालही नाही, परवाही नाही. खिडकीवरची बाई म्हणते, सुटलो. मी तीन रेघांत जाऊन बघून आले – सेटिंग बरोबर आहे, ‘नेहमी दाखवा’च आहे. दाखवायलाच काही नाही.

९ मार्च, सोमवार

वसाहतीत गेले होते. पत्र रोज येतं, बरोबर सातला. फक्त बाइंडरला, एकट्याला. काल म्हणे ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी वहिनींना विचारलं, काय लिहिलं होतं? त्यांनी फोन पदराआड घेतला. म्हणाल्या, ताई, ते यांचं पत्र आहे.