जळजळीची गुलाबी बाटली

४ डिसेंबर, गुरुवार

विहीणबाई आल्या. सकाळच्या गाडीने. दोन बॅगा, वर एक पिशवी नुसती डब्यांची. डिंकाचे लाडू, मेतकूट, अळीव, सुंठ. जणू इंदूरात किराणाच मिळत नाही. मी सियागंजातून आणून ठेवलेला डिंक कपाटात तसाच पडलाय. आता बोलून काय उपयोग.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण मुग्धाची नोकरी भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये, डॉक्टरीणबाई इथल्या, आणि पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून निखिलने ठरवलं, सगळं इथेच करू. मी मनातल्या मनात किती हरखले होते. माझ्या घरी, माझ्या हाताखाली सुनेचं बाळंतपण. आता माहेरच बॅगा घेऊन आमच्या दारात.

मुग्धा आईच्या गळ्यात पडली. नववा महिना, एवढं पोट मध्ये, तरी कशी घट्ट. माझ्या गळ्यात कधी

असो. गराडूचे कंद तळायचे आहेत.

६ डिसेंबर, शनिवार

मला "अहो आई". त्यांना "ए आई". लग्न होऊन आली तेव्हापासून "अहो" ऐकते आहे, कधी खटकलं नाही. परवापासून खटकतंय.

सकाळी पोहे केले, वर शेव, जिरावन मसाला, डाळिंबाचे दाणे. मु.ने दोन घास खाल्ले नि म्हणाली, ए आई, तुझा मऊ भात कर ना. विहीणबाई लगेच उठल्या. वर मला म्हणतात, "सुधाताई, तुमच्या पोह्यांत साखर जरा जास्तच असते, नाही?" आणि माझं बोलणं ऐकायला म्हणे फार गंमत वाटते, मध्येच हिंदी येतं म्हणून. आमचे पूर्वज फौजेबरोबर इथे आले आणि इथेच मुरले, आता तोंडात माळवा येणारच न. हसून घेतलं. हसताना गाल दुखले.

एक गोष्ट अजून माझी आहे. जेवण झालं की मु.च्या छातीत जळजळ होते. डॉक्टरीणबाईंनी ते गुलाबी पातळ औषध चालेल म्हणून सांगितलंय, तेही नाव लिहून. ते माझ्या कपाटात असतं. नवीन बाटल्यांची झाकणं आधी दाबा मग फिरवा, माझ्या अंगठ्याचा सांधा ऐकत नाही. म्हणून नि. एकदा उघडून देतो आणि मी ते शरबताच्या जुन्या काचेच्या बाटलीत ओतून ठेवते. वर कागद चिकटवलाय, "जळजळ". जेवली की मु. हात धुऊन माझ्या खोलीत येते. "अहो आई, गुलाबी." ते "अहो" मला गोड लागतं.

हॉस्पिटलवाल्यांचं नि. सांगत होता. आत बाळंतिणीजवळ एकच बाई राहील, नाव आधी द्यायचं. मु. म्हणाली, बघू. म्हणताना आमच्यापैकी कुणाकडेच बघितलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

औषध फिकं पडलंय.

दुपारी चमचा भरला तेव्हाच दिसलं. नेहमीचा रंग म्हणजे चांगला गुलाबी, तोंडाला पाणी सुटेल असा. आज पुष्कळदा धुतलेल्या परकरासारखा. चमच्याला धरून राहतं ते, आज ओघळलं. बडीशेपेचा वास येतो, तोही उडालेला. मी चमचा बेसिनमध्ये ओतला. मु.ला म्हटलं, आज थंड दूध घे बाळा, हे नको.

विहीणबाई मागे उभ्या. "अहो, तेच तर आहे. द्या की."

नि. ला दाखवलं. "आई, ये कंपनी वाले कुछ न कुछ बदलते रहते हैं. टेन्शन मत ले." मी म्हटलं, अरे, ही बाटली मागच्या महिन्यात तूच उघडून दिलीस, तेव्हा गुलाबी होती. माझ्या कपाटात बसल्या बसल्या कंपनीने रंग कसा बदलला? हसला. मोबाइल घेऊन बाहेर गेला.

मग मु. म्हणाली की सकाळी तिच्या आईने एक चमचा दिला होता यातलाच, काही झालं नाही.

सकाळी दिला. माझ्या कपाटातून. मी देवाला फुलं आणायला गेले तेव्हा.

दोन गोष्टी एकदम मनात आल्या. माझ्याकडून न घेता तिच्याकडून घेतलं, हे एक. आणि पोरीच्या पोटात काय गेलं, हे दुसरं. कोणतं आधी मनात आलं ते इथेही लिहिणार नाही.

१० डिसेंबर, बुधवार. दुपार

राजवाड्याला जाऊन आले. काचेची बाटली पिशवीत, पदराखाली धरून, ऑटोत सांडू नये म्हणून. नेहमीच्या मेडिकलवर तेच औषध मागितलं तर खोका वेगळा. निळा पट्टा, अक्षरं निराळी. म्हणजे नि. चंच खरं, आणि मी उगाच विहिणीवर डूख धरून बसले.

तरी म्हटलं, भिया, इथेच उघडून द्या. झाकणात ओतून दाखवलं त्याने. आत तोच गुलाबी. तीच बडीशेप. मी माझी बाटली उजेडात शेजारी धरली. एक लग्नातली साडी आणि एक विटलेली. खोक्यावरचं सगळं वाचलं. इंग्रजी मी शाळेत नाही शिकले, ह्यांच्या आजारपणात औषधांच्या खोक्यांवरूनच शिकले. औषध तेच, प्रमाण तेच. बदललाय तो नुसता खोका.

दुकानदाराने माझ्या बाटलीकडे बघून मान हलवली. "अम्मा, इसमें कुछ मिला है. ये किसीको मत देना." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

म्हणजे कंपनी निर्दोष. घरातलं कुणीतरी. नि. स्वतःचं पाणी सुद्धा ओतून घेत नाही.

घरी आले तर मु. संडासातून बाहेर येत होती. सकाळपासून सारखी जातेय म्हणे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

पाहुण्यांच्या बाथरूमच्या फळीवर विहीणबाईंचं स्वतःचं औषध. पोट साफ व्हायचं. पांढरं, दुधासारखं. बाटली बरीच खाली गेलेली.

ती हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटत होतं. सापडलीस, असं. काही विचारायच्या आतच त्या पलंगावर बसल्या.

"मीच भरली. तुमची बाटली संपत आली होती. म्हटलं तुमचे पाय दुखतात, पुन्हा राजवाड्यापर्यंत कशाला जाल. दोन्ही पोटाचीच, दोन्ही दुधाळ. मला वाटलं एकच."

म्हणजे माझ्या पायांसाठी.

मग हळूच म्हणाल्या, "मुग्धाला नका सांगू. फोनवर सारखी म्हणायची, आई तू हल्ली विसरतेस, गॅस तसाच ठेवतेस. तिला कळलं तर आत मला नेणार नाही ती."

आधी डॉक्टरीणबाईंना फोन. दोन्ही औषधांची नावं वाचून दाखवली, एक चमचा गेलाय, जुलाब होताहेत. त्यांनी बाळ फिरतंय का विचारलं. मु.च्या पोटावर हात ठेवून बघितलं, चांगलं ढुशा देत होतं. म्हणाल्या, एका चमच्याने घाबरू नका, पाणी भरपूर पाजा, ती बाटली टाकून द्या, उद्या दाखवून जा. जीव भांड्यात पडला. पण फोन दिवाणखान्यातून केला होता. मु.ने सगळं ऐकलं.

११ डिसेंबर, गुरुवार

दाखवून आलो. दोघंही ठीक. घरी आल्यावर मु.ने विचारलं, बाटलीत दुसरं औषध घातलं कुणी?

नि. उभा. विहीणबाई मेथी निवडत होत्या, मान खाली. मला फक्त एक नाव घ्यायचं होतं. एक नाव, आणि आत मी गेले असते. बाळाला पहिल्यांदा हातात मी घेतलं असतं. दोन दिवस तेवढंच डोळ्यांपुढे होतं, खोटं कशाला लिहू.

तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "बाटली माझीच आहे. काचेत ओतून ठेवायची सवय माझी. त्यात गल्लत झाली."

यातला एक शब्द खोटा नाही.

मु. रडायला लागली. "अहो आई, सगळ्यांना औषधाचं ज्ञान तुम्हीच देता. आणि माझ्याच बाबतीत?" तिला जवळ घ्यायला गेले तर ती आईच्या खांद्याकडे वळली. विहीणबाईंनी मेथीचे हात तसेच तिच्या पाठीवर ठेवले. मला वाटलं, आता बोलतील. आता.

मग त्यांनी मेथी पुन्हा ओढून घेतली.

का नाही सांगितलं मी? दया आली, असं म्हटलं तर चांगलं दिसेल. त्या पलंगावर बसल्या होत्या तेव्हा त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, शाळेतल्या पोरीसारखे. ते डोळ्यांपुढून जाईना.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी बाटली धुऊन कचरागाडीत दिली. मु. आता नव्या बाटलीतून स्वतःच घेते. दाबून फिरवते, चमचा मोजते, झाकण लावून आपल्या खोलीत ठेवते. असंच पाहिजे, मी आधीच करायला हवं होतं. पण जेवण झालं की माझे कान दाराकडे लागतात. कुणी येत नाही.

विहीणबाई भारी गोड वागताहेत. पहिला चहा मला. माझी चादर झटकतात. माझ्या हातचा डिंकाचा लाडू मागून घेतला, सियागंजच्या डिंकाचा, आणि नि. च्या देखत वाखाणला. चहा नको, लाडवाची स्तुती नको. मु.समोर एक वाक्य बोला की बाई.

१५ डिसेंबर, सोमवार

नि. ने हॉस्पिटलात नाव दिलं. त्यांचं. "आई, तू बुरा मत मानना. मुग्धा को अभी थोड़ा डर है न, वो दवाई वाली बात से." मी म्हटलं, अरे स्वाभाविक आहे, पहिल्या खेपेला पोरीला आपली आई लागते. स्वयंपाकघरात जाऊन निवडलेली डाळ पुन्हा निवडली.

दुपारी दोघी गच्चीवर उन्हात. मु. चे केस त्या तेल लावून विंचरत होत्या. वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने दोनदा वर गेले. मी लावून देते म्हटलं असतं तर ती नको नको म्हणाली असती, हे मला माहीत आहे. माझ्याशी कायम पाहुण्यासारखी वागली पोर. आणि मी तेच प्रेम समजत आले.

ओढून घेतलेला आळ अंगाला टोचतोय. टोचला की वाटतं, आत्ता जाऊन सांगावं. मग त्यांचे ते लोंबणारे पाय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे कळा सुरू झाल्या. सगळे हॉस्पिटलात. मी बाहेरच्या बाकावर, ही वही सोबत आणलीय, हातांना काहीतरी पाहिजे. नि. फेऱ्या मारतोय. आत राहणाऱ्या बाईचं कार्ड विहीणबाईंच्या गळ्यात, निळ्या फितीत.

मघाशी त्या बाहेर आल्या. तोंड उतरलेलं. मी थर्मासमधला चहा ओतून दिला.

"सुधाताई, मी सांगते तिला."

मी म्हटलं, आता? पोर कळा देतेय. आता नको. बाळ होऊ दे सुखरूप.

"नंतर माझ्याने होणार नाही. आतून ती तुम्हाला विचारतेय. अहो आई चिडल्यात का माझ्यावर, म्हणून."

मला विचारतेय.

मी पुन्हा नको म्हटलं. मनापासून म्हटलं की नुसतं तोंडाने, माझं मलाच ठाऊक नाही. त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं आणि आत गेल्या.

दाराला काच आहे, चष्मा लावला तर पलंग दिसतो. मु. कुशीवर. दोन कळांच्या मधली असावी, चेहरा जरा मोकळा. विहीणबाई तिच्या कानाशी वाकल्यात. बराच वेळ वाकल्यात. आता मु. ने मान दाराकडे वळवली. विहीणबाईंचा हात गळ्यातल्या फितीवर आहे. काढताहेत की नुसती सरळ करताहेत, इथून कळत नाही.