पडद्यावरची क्षमा

आई गं,

काल चिकोडीला मी तुला बघितलं. चैत्रात तू गेलीस, आता श्रावण चाललाय, आणि काल तू भल्यामोठ्या पडद्यावर हात जोडून बोलत होतीस. मांडवातली माणसं टाळ्या वाजवत होती. बेळगावला घरी परत आल्यापासून कुणाशी बोलावंसं वाटत नाही. माझ्या सख्ख्या भावाशी, अण्णाशी तर नाहीच. म्हणून तुला लिहितेय. तुझ्याबद्दलची तक्रार तुझ्याशिवाय कुणाकडे करू?

आपल्या शिवारालगतच्या त्या इथेनॉलच्या कारखान्याची जनसुनावणी होती. कंपनीला आणखी एक बॉयलर बसवायचाय, आणखी एक चिमणी उभी करायचीय. कोळशाची! ज्या कंपनीनं गावच्या सभेत माईक हातात घेऊन सांगितलं होतं की कोळसा बंद करतो, सगळं उसाच्या चिपाडावर चालवतो, तीच ही कंपनी. तू पहिल्या ओळीत बसली होतीस आणि घरी येऊन म्हणाली होतीस, माणसं बरी वाटली.

निपाणीकडून येताना रस्त्याच्या कडेला त्यांची ती पाटी अजून आहे. ‘ना धूर, ना सांडपाणी, हिरवं उद्या.’ पाटीवरची पानं हिरवीगार आहेत. पाटीखालच्या चिंचेची पानं मात्र काजळीनं काळी पडलीत. गायरानात त्यांनी झाडं लावली, आठवतंय? फोटो झाले आणि पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा झाडं, पुन्हा फोटो. कागदावर ती सगळी झाडं जिवंत आहेत गं. त्या झाडांच्या हिशोबावर म्हणे त्यांचं इंधन परदेशात ‘पृथ्वी वाचवणारं’ म्हणून विकलं जातं. शाळेत मी मुलांना हवामानबदलाचा धडा शिकवते. पुस्तकातल्या चित्रात अशीच पानं आहेत, आणि तो धडा आला की मी ते पान पटकन उलटते.

तक्रार तू केलीस. गावात इतकी शिकलेली माणसं, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पहिला अर्ज गेला तो तुझ्या नावानं, कारण मळ्यातली विहीर तुझ्या नावावर. पाणी चहासारखं तांबूस झालं होतं आणि त्याला वास येत होता. पण तुला वेगळंच काहीतरी सलत होतं. जन्मभर तू पाणी गाळून प्यालीस, आणि फडक्यात राहिलेली जिवाणी, ते डोळ्यांना न दिसणारे जीव, परत त्याच विहिरीत हलकेच सोडत आलीस. उंचावरून ओतायचं नाही, बादली पाण्याला टेकल्यावरच उलटी करायची. मी लहानपणी घाई केली की हातावर चापट बसायची. त्या दिवशी फोनवर म्हणालीस, “सोडू कुठं गं ती जिवाणी? वाचवायला सोडायची आनि तितंच मरायची.” मंडळाची माणसं आली, बाटल्या भरून पाणी घेऊन गेली. उत्तर काही आलं नाही.

आलं ते वेगळंच. गेल्या वर्षी पर्युषण पर्व संपलं, एकमेकांची क्षमा मागायचा क्षमावाणीचा दिवस होता. तू बस्तीत भगवंतांचं दर्शन करून आलीस, आणि दारात कंपनीचा साहेब उभा! हातात पेढ्यांचा बॉक्स, सोबत मोबाइल धरलेला एक माणूस. कुणी शिकवलं असेल त्याला, की या दिवशी जैनांच्या दारात हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हटलं की आतून नकार येत नाही? तो म्हणाला, आमच्याकडून त्रास झाला असेल तर क्षमा करा, आई. आणि तू आपली रीत पाळलीस. क्षमा दिलीस, वर आपल्यात सगळेच म्हणतात तसं म्हणालीसही, “आमचंबी काय चुकमाक झालं असंल तर माफ करा, साहेब.”

त्याच्याआधीचं सगळं त्यांनी व्हिडिओतून कापलं. त्यानं मागितलेली क्षमा कापली, पेढे कापले, दिवस कापला. काल पडद्यावर फक्त तू होतीस, तुझ्या जुन्या चष्म्यात, उंबऱ्यावर, हात जोडून. मागे बासरी वाजत होती. ‘आमचंबी काय चुकमाक झालं असंल तर माफ करा, साहेब.’ मग कंपनीचं हिरवं पान आणि टाळ्या. त्यांचा वकील उठून म्हणाला की मूळ अर्जदार बाईंनीच गैरसमजाबद्दल खेद व्यक्त केलाय, त्याची नोंद व्हावी. आई, तू त्यांची माफी मागितलीस असं ठरलं! तुझी विहीर नासली, आणि माफी तू मागितलीस!

मी उठले. कन्नडमध्ये बोला म्हणाले, मी कन्नडमध्येच बोलले. सांगितलं की तो क्षमावाणीचा दिवस होता, त्या दिवशी आम्ही मुंगीचीसुद्धा क्षमा मागतो, ती आमची रीत आहे, कबुली नव्हे. बेळगावहून आलेले अधिकारी ऐकत होते, पण त्यांना काय कळणार? ज्यांना कळत होतं ती आपली माणसं मांडवात बसली होती. बस्तीतली, शेजारची, तुझ्या हातचं जेवलेली. मी त्यांच्याकडे बघितलं. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी चपला. कंपनीच्या बसमधून आले होते सगळे, डोक्यावर हिरव्या टोप्या, मांडीवर मसालेभाताची पाकिटं. एकानं जरी उठून ‘व्हय, तशीच रीत हाय’ म्हटलं असतं! त्यांना काय बोलू मी? त्यांची पोरं तिथं कामाला आहेत. माझं तिथं कुणी नाही, म्हणून मला तोंड आहे.

आणि पहिल्या रांगेत अण्णा होता. त्याच्याही डोक्यावर टोपी. पडद्यावर तू आलीस तेव्हा त्यानं ती काढली आणि तू गेल्यावर परत घातली. ते बघून मला रडू आलं, राग नाही.

मग मी तुझ्या जाण्याबद्दल बोलले. बोलायला नको होतं का गं? यंदाच्या उन्हाळ्यात पत्रा, भिंत, जमीन, काही म्हणजे काही गार होत नव्हतं. तुझं एकाशन होतं, दिवसातून एकदाच जेवण आणि पाणीही तेव्हाच. दुपारी तू देवाच्या खोलीत पडलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. मी म्हणाले, आईला उन्हानं नेलं. साहेब माईकवर अगदी हळू, आदरानं म्हणाला, “त्यांचा उपवास होता ना, मॅडम?”

झालं! तू तुझ्या उपवासानं गेलीस. जन्मभर तू एकाशनं केलीस, भर वैशाखात केलीस, आणि संध्याकाळी मळ्यात जाऊन भाजी खुडून आणायचीस. उपवास तोच होता. बदललं होतं ते ऊन. मी तसं म्हटल्यावर वकील हसला. म्हणाला, उष्णता साऱ्या जगात वाढलीय, त्याला आमचा एक कारखाना कसा जबाबदार? मला सांग, झाडं लावली की पृथ्वी हेच वाचवणार, हिरवं इंधन विकलं की हवामान हेच सुधारणार, मग ऊन तेवढं साऱ्या जगाचं कसं? श्रेय घ्यायला एकटे, आणि दोष द्यायला जग? मला एवढंच विचारायचं होतं. तेवढ्यात माझी वेळ संपली म्हणाले आणि माईक पुढच्या माणसाकडे गेला. तो म्हणाला, कंपनीनं शाळेला पंखे दिले.

आता सगळं एका सहीवर येऊन थांबलंय. अधिकाऱ्यांनी सांगितलं की अर्जदार हयात नाहीत, तेव्हा वारसांनी लेखी कळवावं, तक्रार पुढे चालवायची की सोडून द्यायची. नाहीतर तुझा व्हिडिओच तुझं शेवटचं म्हणणं धरला जाईल. तुझ्या अर्जाखेरीज त्या कारखान्याविरुद्ध दुसरा एकही कागद नाही. तो गेला की दुसरी चिमणी उभी राहिलीच म्हणून समज. आणि वारस आम्ही दोघं.

आज सकाळी अण्णा बेळगावला आला. चहा घेतला नाही. तुझ्या फोटोला हात जोडले आणि म्हणाला, “आईनं माफ केलंय त्येंना. मनापास्नं केलंय, तोंडदेखलं न्हाय. तिचा शब्द मोडनारी तू कोन गं?”

त्याचं सगळंच खोटं नाही ना! तू खरंच क्षमा केली होतीस. मला माहीत आहे. तू खोटं बोलणारी नव्हतीस. तुझ्या मनात त्या साहेबाबद्दल राईएवढाही राग उरला नव्हता, आणि मला त्याच गोष्टीचा राग येतो. थोडा ठेवायचास गं! माझ्यासाठी तरी थोडा ठेवायचास. इतकं स्वच्छ मन घेऊन कुणी या माणसांच्या समोर उभं राहतं?

मी अण्णाला आपलं फोनवरचं बोलणं सांगितलं. क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी मी तुला विचारलं होतं, मग आता तक्रार मागे घेणार का? तू उलट मलाच विचारलंस, कशासाठी? आणि म्हणालीस, “हात जोडून दारात आलता त्यो, त्याला न्हाय कसं म्हनू? पन तक्रार म्हंजे काय राग हाय व्हय? पानी खराब हाय, म्हनून तक्रार हाय. पानी निवळलं की घिऊ मागं.” इतकं सरळ. इतकं साधं. त्यांचा वकील, आपले अधिकारी, मी, कुणालाच इतकं नीट मांडता आलं नाही.

पण ते बोलणं कुठे आहे? कुठल्याही पडद्यावर नाही. ते फक्त माझ्या कानात आहे. त्यांच्याकडे तू आहेस, चष्म्यासकट, आवाजासकट, आणि माझ्याकडे फक्त ‘आई असं म्हणाली होती’. कोण धरणार ते? अण्णानंही नाही धरलं. म्हणाला, तुझ्या सोयीचं तुला आठवतंय. त्याचे दोन ट्रॅक्टर तिथं लागलेत, धाकट्या पोराला तिथंच चिकटवायचं चाललंय. तो वाईट नाही, आई. तो भ्यालाय. मीही भ्यालेय. शेवटी उठताना तो म्हणाला, “तू तक्रार सोडल्याची सही दिली न्हाईस, तर यंदा क्षमावाणीला माझ्या दारात यिऊ नगोस. मी न्हाय देनार क्षमा.”

आपल्या घरात असं कुणी कधी म्हणालंय? वाटणीवरून भांडलेले काका-बाबासुद्धा त्या दिवशी एकमेकांच्या पाया पडले होते. ही चिमणी अजून उभी राहायचीय, आणि तिनं आत्ताच आपल्या घरात काय केलं बघ. तो गेल्यावर मी दार लावलं आणि तिथंच खाली बसले. सही देऊन टाकावी असं वाटलं गं, खरंच वाटलं. एका माणसानं काय होतं? पाऊस पडतो तेव्हा नदी घरात येते, थांबतो तेव्हा ऊस करपतो, आणि आम्ही पाटीवरची हिरवी पानं बघत जातो. कुणाला विचारायचं? कुठल्या दारात जाऊन उभं राहायचं? त्यांच्या दाराला तर गेट आहे, आणि गेटवर आपल्याच गावचा पोरगा, तोही मला ओळख देत नाही.

मग उठले आणि मळ्याची आठवण आली. त्या विहिरीचं पाणी पिणं तू सोडलंस, पण तक्रार सोडली नव्हतीस. शेवटपर्यंत नाही. मी कशी सोडू?

म्हणून आज तुला शब्द देते. उद्या मी मंडळाच्या कचेरीत जाऊन लिहून देणार आहे, की माझ्या आईची तक्रार मी पुढे चालवते, कारण पाणी अजून निवळलेलं नाही आणि कोळसा अजून जळतोय. ऐकतील की नाही, ठाऊक नाही. बहुतेक नाहीच. तरी देणार. दुसरी चिमणी उभी राहिली तर तिच्याविरुद्धही देणार.

आणि क्षमावाणीला मी अण्णाच्या दारात जाणार. नको म्हणालाय तरी जाणार. दार लावलेलं असलं तर पायरीवर बसेन. समोर कुणी मोबाइल धरून उभं असलं तर असू दे. मी हात जोडून म्हणेन, अण्णा, माझं काय चुकलं असंल तर क्षमा कर आणि तक्रार मी मागं घेत न्हाय. दोन्ही एका दमात म्हणेन, आई, मध्ये कुणाला कापायला जागा न ठेवता.

तुझी धाकटी,
राजमती