गाडीपुरती जागा

दि. १४ नोव्हेंबर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद. ‘चि.’ लिहून झाल्यावर सवयीने पुढच्या ‘सौ.’कडे हात गेला आणि थांबला. वाईट वाटून घेऊ नकोस.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा सोडला तर तक्रार नाही. तूही नव्या नोकरीत रुळली असशील.

लिहायचं कारण म्हणजे फाटकापासून दारापर्यंतचं काँक्रीट शेवटी उखडायला घेतलं. पाणी साचलं की तू चपला हातात घेऊन गाडीपर्यंत जायचीस, आठवत असेल. आता खाली जाडी खडी, वर बारीक खडी आणि त्यावर भोकांचे ब्लॉक बसवताहेत. फटींत सिमेंट भरायचं नाही, म्हणजे पाणी तिथल्या तिथे जमिनीत जातं. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, “पैसे मोजून अंगणाला भोकं पाडून घेताय होय?” गवंडी म्हणाला, “पाणी फार माजलंय, काका. त्याची जिरवतो!” तुझ्या सासूबाई मोठ्याने हसल्या. किती दिवसांनी हसल्या. मग त्यांच्याच ते लक्षात आलं आणि आत निघून गेल्या.

काम छान चाललंय. फक्त गाडी मध्ये येते.

तो गेल्यापासून ती जागची हललेली नाही. जाताना तू म्हणाली होतीस, “बाबा, गाडीला कुणी हात लावू नका.” आम्ही लावू दिलेला नाही. चारी बाजूंनी ब्लॉक बसले, तिच्याखाली तेवढं जुनं काँक्रीट उरलंय. काल पावसाची सर येऊन गेली तेव्हा बाकीचं पाणी मुरलं, गाडीखाली मात्र साचून राहिलं. गवंडी रोज विचारतो, “साहेब, गाडी कधी काढताय?” मी सांगतो, किल्ली सुनेकडे आहे.

दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. परवा मी आत जाऊन बसलोसुद्धा. पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट त्याने पार मागे सरकवलेली आहे, त्याच्या लांब पायांसाठी. खालचा दांडा ओढला की ती पुढे येते, हे मला कळतं. दांड्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. एकदा सरकवली की तो नेमका कुठे बसायचा ते पुन्हा सापडणार नाही.

गवंडी म्हणतो, चौघं मिळून ढकलू. मी नको म्हटलं. परक्यांच्या हातांनी ती हलू नये असं वाटतं.

तू येशील का? सीट तुलाही पुढे घ्यावीच लागेल. पण तू घेतलीस तर मला चालेल. नंतर गाडी तुझ्याकडे ने, वाटेल तशी चालव. आणि हे तुलाही जमणार नसेल तर तसं कळव. मी गवंड्याला सांगेन, गाडीपुरती जागा राहू दे तशीच.

आलीस तर दांडा तू ओढ. मी शेजारी बसतो.

त्याचे आणि तुझेही,
बाबा