पोस्टरवरचा कोयता

सातारा,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. संयोगिताअक्कास,

धाकटा भाऊ नानासो याचा नमस्कार. दाजींना वेगळा आणि जरा जास्त लवून सांग. तुझा गुडघा कसा आहे? नव्या तेलानं फरक पडला असं तू मागच्या महिन्यात म्हणालीस आणि मी "वा" म्हणालो. नंतर रोजनिशी चाळली तर मार्चमध्येही तू हेच म्हणाली होतीस आणि मीही "वा"च म्हणालो होतो. तेव्हा आता खरं काय ते कळव. आमच्याकडं सगळी ठीक आहेत. कोरेगावला म्हैस व्याली, रेडी झाली. आबांचा खोकला कमी आहे (त्यांच्या मते, ऐकणाऱ्याच्या मते तेवढाच).

"पत्रास कारण की" हे शब्द मी दोनदा लिहून खोडले. ते लिहिले की पुढच्याच ओळीत कारण सांगावं लागतं. मोजणी खात्यात बावीस वर्षं काढल्यावर आधी शेताच्या चारी बाजू फिरून यायची सवय लागते. दगड कुठं रोवायचा ते शेवटी बोलायचं, कारण ते बोललं की भांडण सुरू होतं. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, आणि त्या माणसाचं नाव निघालं की तू फोन ठेवतेस. पत्रही ठेवून देता येतं म्हणा. पण ते टेबलावर पडून राहतं.

येत्या तीस तारखेला, रविवारी, आईचं वर्षश्राद्ध आहे. तेराव्यानंतर तू कोरेगावच्या घरात आलेली नाहीस. का, ते मला ठाऊक आहे. ज्या साईराजच्या दुधाच्या टेम्पोची धडक आईला बसली, त्यानंच तिला त्याच टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं. आईचा मोबाइल त्याच्या हातात होता. दुपारी बारा वाजता त्यानं मला फोन केला. मी विचारलं, सांगलीला कळवलं का? तो म्हणाला, "कळिवतो." त्यानं कळवलं नाही, आणि त्यानं कळवलंय असं मी धरून चाललो. तुला चार वाजता कळलं. तू पोचलीस तेव्हा आई नव्हती. "त्यानं मुद्दाम दडवलं आणि तू साधं परत विचारलं नाहीस," हे तुझं वाक्य माझ्या वहीत तारखेनिशी आहे. त्याच दिवशी तू माझ्याकडून वचन घेतलंस, की साईराजच्या घराचा आणि आबांचा संबंध येऊ द्यायचा नाही. ते मी पाळतो आहे, असं मी दोन नोव्हेंबरच्या दुपारी साडेचारपर्यंत प्रामाणिकपणे समजत होतो.

त्या दिवशी आम्ही आबांना पिक्चर दाखवायला नेलं. म्हाताऱ्याला घराबाहेर काढ, मारामारीचा दाखव, रडका अजिबात नको, ही तुझी आज्ञा. निवड तुझ्या चिरंजिवांची. यशराज माझ्याकडं राहून इंजिनिअरिंग शिकतो असं आपण सगळे म्हणतो, पण त्याचा खरा अभ्यास मोबाइलवर चालतो, त्यामुळं या विषयात मी त्याचा शब्द मानला. (इथं मी स्वतःला तपासलं. खरं म्हणजे मी पोस्टर पाहूनच मानला. एक मिशाळ म्हातारा, मागं लाल आभाळ, हातात हे एवढा कोयता. असं पोस्टर पाहून कुणी आतल्या मालाची चौकशी करत नाही.) पिक्चरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दाजी लगेच शोधून बघतील आणि मला दोष देतील.

थिएटरच्या दारात यशराजनं आबांना त्या पोस्टरला टेकून उभं केलं. सुभेदार आकाराम, वय वर्षं शहात्तर, फौजेतली ताठ मान, हाताची घडी, आणि खांद्यामागून वर आलेला कोयता. हा फोटो त्यानं स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, "वाघ म्हातारा झाला तरी वाघच. आज निकाल लागणार." मी हे वाचलं होतं. वाचून हसलोही होतो. यशराजचे मित्र कोरेगावभर पसरले आहेत आणि त्यातला एक साईराजचा शेजारी आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पिक्चर एका गवंड्याचा आहे. पहिल्या चार मिनिटांतच त्याचा तरणाताठा मुलगा ट्रकखाली जातो. ट्रक दिसतसुद्धा नाही, नुसता ब्रेकचा आवाज. मी अंधारात आबांकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "उठायचं का?" आबा म्हणाले, "आत्ता तर बसलोय."

पुढं तासभर तो गवंडी काय करतो, तर नळाला पाणी आलं की भरतो. मुलाचा जेवणाचा डबा घासतो (साडेतीन मिनिटं, मी घड्याळ लावलं). घासलेला डबा परत घासतो. आणि रोज संध्याकाळी कानशीनं कोयत्याला धार लावतो. कोयता दिसला की थिएटरमध्ये शिट्या पडायच्या, लोक सावरून बसायचे. तो धार लावायचा, अंगठा फिरवून बघायचा आणि कोयता परत गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. आमच्या मागच्या रांगेत एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांना हे सहन होईना. "आरं काढ की गड्या एकदाचा! तवापासनं धार लावतोयस, भाजी चिरायला हाय का त्यो?" यशराज माझ्या कानाशी लागून दर दहा मिनिटांनी म्हणायचा, "मामा, आता बघा, आता सुटतोय." मला कंटाळा आला होता की भीती वाटत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वहीत दोन्ही लिहून ठेवलंय. मध्यंतरात निम्मे लोक गेले. मी पुन्हा आबांना विचारलं. ते म्हणाले, "गवंड्याचं काय हुतंय ते बघू."

मध्यंतरानंतर गवंडी गोणपाट काखोटीला मारून एसटीत बसला, ट्रक ड्रायव्हरच्या गावी उतरला, आणि भर उन्हात मैलभर चालत त्याच्या दाराशी गेला. संगीत नाही, काही नाही. जाडजूड गृहस्थांच्या हातातली पॉपकॉर्नची पिशवीही थांबली. आणि आबा मोठ्यानं म्हणाले, "पाणी माग."

पडद्यावरचा गवंडी म्हणाला, "जरा पाणी मिळंल का?"

मागून प्रश्न आला, "आवं आजोबा, तुमी बघितलाय व्हय ह्यो आदी?"

"न्हाई," आबा म्हणाले. "उनातनं चालत आलाय न्हवं त्यो?"

ड्रायव्हरच्या आईनं पाणी आणलं. आबा म्हणाले, "आता आत या म्हणंल ती. त्यो जाणार न्हाई. पयल्या दिवशी भाईरच बसतंय माणूस." तसंच झालं. "आता म्हातारी च्या टाकंल, साखर जादा." आता साखर किती हे पडद्यावर कळत नाही, पण गवंड्यानं पहिला घोट घेऊन जरा तोंड वाकडं केलं, आणि मागच्या रांगेत कुणीतरी चक्क टाळी वाजवली. तिथून पुढं लोक पडद्यापेक्षा आबांकडं बघायला लागले. "आजोबा, कोयता कवा काढणार?" असं कोपऱ्यातून एकानं विचारलं. आबा म्हणाले, "कोयता बांधावर ठिवलाय त्येनं, येतानाच. बघितलं न्हाईस व्हय?" मीही पाहिलं नव्हतं.

नेमका इथं आबांचा फोन वाजला. तुला माहीतच आहे, त्यांना ऐकू येत नाही म्हणून आपणच तो कायम स्पीकरवर ठेवलाय. आबांनी तो उचलला, आणि गवंडी ड्रायव्हरच्या अंगणात मान खाली घालून बसलेला असताना सगळ्या थिएटरला ऐकू गेलं: "आवं सुभेदार, मी मनुबाई बोलतीया, साईराजची आई. शेजारच्या पोरानं तुमचा फोटू दावला. कोयता कशाला घेतलाय वो? पोरगं निसतं बसून राह्यलंय माजं. गुरवारी च्याला येणार हायसा न्हवं तुमी?"

आबा शांतपणे म्हणाले, "येणार तर. पिक्चरला आलोय, वैनी. साखर कमी टाका." आणि फोन खिशात ठेवला.

मग मागचे गृहस्थ म्हणाले, "आजोबा, आमी पिक्चर बघायचा कुठला? पडद्यावरचा का तुमचा?"

शेवटी कोयता निघाला, तेही सांगून टाकतो. गवंडी परत निघताना बांधावरून कोयता उचलतो, ड्रायव्हरच्या आईच्या शेळीसाठी सुबाभळीचा एक फाटा तोडून देतो आणि एसटी धरतो. संपला पिक्चर. बाहेर पडताना लोक तिकीट खिडकीशी हुज्जत घालत होते. यशराज खांबाआड उभा राहून स्टेटस पुसत होता. (त्याला रागावू नकोस. गेल्या वर्षी याच पोरानं आबांना "नुसतं नाव सांगा, पोरं जमवतो" असं म्हटलं होतं, आणि आबांनी त्याला म्हशीचं शेण काढायला लावलं होतं. हे मी तुला तेव्हा कळवलं नाही, ते आता कळवतो.)

थिएटरसमोर चहा घेताना मी आबांना विचारलं. विचारताना माझा आवाज चढला, त्याची मला नंतर लाज वाटली. वचन माझं होतं, त्यांचं नव्हतं. आबांनी बशीत चहा ओतला आणि सांगितलं. श्रावणापासून ते दर गुरुवारी साईराजच्या घरी जातात. पहिल्यांदा का गेले, ते त्यांना धड सांगता आलं नाही. काठी घेऊन गेलो होतो, एवढंच म्हणाले. दारात पोचेपर्यंत तहान लागली.

"ती बोलत हुती, नाना," ते म्हणाले. "टेंपूत घातल्यापास्नं दवाखान्यापतोर. ईस मिंटं. माज्याशी पन्नास वर्सांत सलग ईस मिंटं कवा बोलली न्हाई ती. मी बोलू दिलं न्हाई. आन ते समदं त्या पोराकडं हाय."

साईराजला ते एका दमात सांगता येत नाही. एक-दोन वाक्यं झाली की तो उठून टेम्पो धुवायला जातो. म्हणून पुढचं ऐकायला पुढचा गुरुवार. दुधावर झाकण नाही, मांजर तोंड घालेल, हे आईनं त्याला सांगितलं होतं. म्हशीला दुपारचं पाणी पाजायचं राहील, हेही. शिवाय त्याला रागावली होती, "हळू चालिव की रं, आता घाई करून काय उपेग?" हे सांगताना आबा हसले. मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदा. (खात्री नाही. मी रोज कोरेगावला नसतो.)

पिक्चर कसा होता, असं मी शेवटी विचारलं. आबा म्हणाले, "बरा हाय. पर गवंडी लवकर उठला. आनखी बसायला पायजे हुतं त्येनं."

असो. बाकी सर्व ठीक. तू विचारशील म्हणून सांगतो, पिक्चर चार दिवसांत थिएटरमधून गेला. दाजींना रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायला सांग. मुलाची काळजी करू नकोस, तो या आठवड्यात दोनदा कॉलेजला गेला.

तुझा,
नानासो

ता. क. कारण राहिलंच. आबांनी तीस तारखेला साईराजला आणि मनुबाईंना जेवायला बोलावलं आहे. मला न विचारता बोलावलं, पण विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो हे मला नक्की सांगता येत नाही. पोलीस केस आहे तिथं आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. "कोर्टाचं कोर्ट बघंल," असं आबा म्हणतात. तो माणूस पंक्तीला असेल तर उंबरा चढणार नाही, असं तू म्हणाली आहेस. तरी तू यावंस. या एका विनंतीसाठी मी तुला एवढा मोठा पिक्चर सांगितला. माझं वचन मी मोडलं आहे, हेही इथंच लिहितो: गेले दोन्ही गुरुवार मीही आबांबरोबर गेलो होतो. पहिल्या दिवशी बाहेरच बसलो.

ता. क. दुसरा. कालच्या गुरुवारी साईराजनं आणखी एक वाक्य सांगितलं. हे मी वर लिहायला घेतलं होतं, जमलं नाही. त्यानं तुझा नंबर लावायला घेतला होता. आईनंच त्याचा हात धरला. हे तो वर्षभर कुणाला बोलला नाही, कारण मेलेल्या माणसाच्या नावावर स्वतःची चूक ढकलतोय असं वाटेल, म्हणून. आई म्हणाली, "सयूला आत्ताच नगं कळवू. जेवायची येळ हाय. तशीच उपाशी निघंल ती."

तेव्हा तीस तारखेला सांगलीहून निघताना काहीतरी खाऊन निघ.