माझ्या अक्षरातला कागद

अण्णा, तुम्ही मटार सोलत होता. जयपुरात, आपल्या खातीपुऱ्याच्या घरच्या स्वयंपाकघरात, विम्याच्या ऑफिसातून आल्या आल्या, स्वेटर न काढता. मी, तुमची लेक, कॉलेजातून येऊन कुणाबद्दल तरी "ते लोक असेच" म्हणाले होते. तुम्ही रागावला नाहीत. साताऱ्याकडची, अठ्ठेचाळीस सालची हकीकत सांगितलीत. राष्ट्रपित्याचा खून झाला, मारणारा आपल्या जातीचा निघाला, गावात आपल्या लोकांची घरं जाळली. शाळा पुन्हा भरली तेव्हा मास्तरांनी तेरा वर्षांच्या तुम्हाला वर्गापुढे उभं करून खुनाचा निषेध म्हणायला लावला. "म्हटलं ते खरंच होतं गं," तुम्ही म्हणालात. "पण मलाच का विचारलं?" मग एक किडका दाणा वेचून बाजूला ठेवलात.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी इराक आणि सीरियात एक टोळी उठली. काळे झेंडे लावून शहरामागून शहर घेतलं, खिलाफत जाहीर केली, देशोदेशीची पोरं घर सोडून तिकडे निघाली. टीव्हीवरच्या नकाशात त्यांचा मुलूख रोज वाढत होता. मी तेव्हा मुख्याध्यापिका. पालक विचारू लागले, शाळेत तसलं काही नाही ना. आमच्याकडे मुसलमान शिक्षक एकच, गणिताचे सर; बारा वर्षांत एक तास बुडवलेला नाही. त्यांना बोलावून मी सांगितलं, उद्या प्रार्थनेनंतर या टोळीविरुद्ध दोन शब्द बोला, तुम्ही बोललेलं बरं दिसेल. ते म्हणाले, "मैडम, क्या बोलना है, आप ही लिख दीजिए." मी लिहून दिलं. शुद्धलेखनही तपासलं.

सकाळी सर मैदानात उभे आहेत, माझा कागद दोन्ही हातांत. एक शब्द न गाळता वाचतात. मुलं सवयीने टाळ्या वाजवतात. दुपारी ते फळ्यावर लिहीत असताना नववीतला एकजण मागून विचारतो, "सर, आपके वाले जयपुर कब पहुँचेंगे?" वर्ग हसतो. हे मला एका शिक्षिकेने सांगितलं, तीही हसतच. वर्ष संपताच सरांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं, घरगुती.

पुढे टोळीची शहरं एकेक करून गेली. म्होरक्या मेल्याची बातमी पहिल्या पानावर आली, नंतरच्या बातम्या आतल्या पानांत सरकल्या. पूर्ण संपलेली नाही म्हणतात, कुठे कुठे अजून माणसं मारते. पण पालकांनी पुन्हा काही विचारलं नाही. मीही मैदानात उभी राहून कधी सांगितलं नाही, की सरांना विचारायचं काही कारणच नव्हतं.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन गोपालपुऱ्यात एका कोचिंगला गेले. गणिताला तेच सर आहेत. उठून मला खुर्ची दिली, चहा मागवला, नातीला म्हणाले, तुझी दादी फार शिस्तीची. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि बॅचची वेळ विचारली.

हे पत्र त्यांनाच लिहायला घेतलं होतं. हातून पहिला शब्द आला तो अण्णा. तुम्हाला लिहिणं सोपं, टपालात टाकावं लागत नाही. मग खरं तरी लिहिते. तुमची ती हकीकत मला नंतर आठवली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ती तेव्हाच आठवली होती. सर समोर उभे होते, कागदावर "निषेध" लिहून झालं होतं आणि माझं पेन थांबलं होतं. मग मी पुढचं वाक्य लिहिलं.